न विचारता यायचं खळं

मंगळवारी दुपारी, मधल्या सुट्टीनंतर, मला फोनवर आमचं घर दिसलं. पनवेलच्या शाळेत माझा नववीचा तास चालू होता. पोरं नकाशात नद्या भरत होती, त्यामुळे वर्ग नवल वाटावं इतका शांत होता, आणि टेबलावर फोन थरथरला. अनोळखी लिंक उघडायची नाही, असं मी मुलांना दर आठवड्याला बजावते. मी उघडली. आत आमचं खळं होतं, सकाळच्या उन्हातलं.

घरापुढच्या अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. फोटोत उजवीकडे बाबांची पांढरी व्हॅन होती, डावीकडे सुकायला पसरलेला जवळा, आणि त्याच्या कडेला आई आणि शेजारची काकी, दोघी पाठमोऱ्या. आईच्या हातात खराटा होता. काकी वाकून काहीतरी निवडत होती. मागे नारळ, आणि नारळांच्या मधून खाडीची एक पट्टी, ती इतकी चमकत होती की फोटो तेवढ्या जागी कोराच पडला होता. मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आईचा सैल झालेला अंबाडा दिसला, काकीच्या कोपरापर्यंत सरकलेल्या बांगड्या दिसल्या. मला वाटलं, आमच्यावर फार माया असलेल्या कुणीतरी गुपचूप हा फोटो काढून मला पाठवला आहे. कुणी, हा प्रश्न काही मला पडला नाही. मी आपली त्या उन्हात जाऊन बसले.

"मॅडम, सावित्री कुठून सुरू करायची?" असं एका मुलीने दोनदा विचारलं, तेव्हा कुठे मी भानावर आले आणि फोटोखालचं वाचलं. नो पार्किंग. गाडीचा नंबर, रविवारची तारीख, वेळ, दंड.

दिवसाढवळ्या स्वप्नं बघायची मला खोड आहे. नवरा म्हणतो, हिला दंडाची पावती दिली तर ही फ्रेम करून भिंतीवर लावेल. त्या दिवशी त्याचं म्हणणं खरं ठरलं. मी तो फोटो आधी सेव्ह केला आणि मग बाबांना फोन लावला. व्हॅनच्या कागदांवर माझा नंबर आहे, कारण बाबांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून ही बातमी त्यांना सांगायचं माझ्या कपाळी आलं.

सगळं ऐकून ते म्हणाले, "कुठं हुती गाडी?"

"खळ्यात."

"कुनाच्या?"

"आपल्या, बाबा."

"मंग?" ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाबा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. घाटातून, खाचखळग्यांतून, गणपतीच्या गर्दीतून त्यांनी सगळी हयात गाडी हाकली आणि त्यांच्या नावावर एक मेमो नाही, एक ओरखडा नाही. निवृत्त झाले त्या दिवशी डेपोतल्या साहेबांनी सगळ्यांसमोर हेच सांगितलं. शाल दिली, नारळ दिला. शाल आईने कपाटात ठेवली, नारळाची चटणी झाली. ते वाक्य मात्र बाबांनी जपून ठेवलं. पाहुणा आला की चहाचा कप खाली ठेवायच्या आत ते त्याच्या कानावर पडायचं. आम्ही चिडवायचो त्यांना. पण मला माहीत होतं, त्यांच्याकडे स्वतःचं असं तेवढंच होतं. दंड त्यांनी उभ्या उभ्या भरला असता. त्यांना डाग नको होता.

आता खळ्याचं सांगते. आमचं घर आगरदांड्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे आणि खाडी मागच्या अंगाला आहे; खळं घराच्या कडेने थेट खाडीपर्यंत जातं. पुढे कुंपण नाही. आई शेणाने सारवत सारवत येते आणि डांबर लागलं की थांबते. तिचा हात थांबतो तिथे आमची हद्द. मागे खाडीकडेही दगडी गडगा नाही, तो मुद्दाम घातलेला नाही, कारण तिथून होडी वर यायची असते.

होडी शेजारच्या काकांची. कोळी माणूस, बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, सगळा गाव त्यांना नाखवा म्हणतो. त्यांचं घर चिंचोळं, दारात मोटारसायकल उभी राहणं मुश्कील. म्हणून मे महिना संपता संपता, मोठी भरती बघून, त्यांची होडी आमच्या खळ्यात यायची आणि चार महिने शाकारून राहायची. शाकारायची म्हणजे वर बांबूचा सांगाडा बांधून नारळाच्या विणलेल्या झापांनी झाकायची. होडी येते त्या दिवशी कुणी कुणाला विचारत नाही. खाडीकडून हाक येते, बाबा लाकडाचे ओंडके घेऊन धावतात, दोराला दहा-पंधरा माणसं लागतात, आणि आरोळ्यांवर आरोळ्या देत ती काळी-निळी होडी आईच्या तुळशीला वळसा घालून दारात येऊन बसते.

लहानपणी मी पावसाळ्यातल्या कित्येक दुपारी त्या होडीखाली काढल्या. झापांवर पाणी वाजत असायचं आणि आत कोरडं, कोमट, डांबराचा, मिठाचा आणि जुन्या जाळ्याचा वास. उताणं पडलं की झापांच्या फटीतून हिरवा उजेड यायचा. मला वाटायचं आपण पाण्याखाली आहोत आणि हे घर, आई, काकी, सगळं वर तरंगतंय. आई जेवायला हाका मारायची, मी ओ द्यायची नाही. आजही मला पटकन झोप लागत नाही तेव्हा मी मनाने त्या होडीखाली जाते.

होडीच कशाला, सगळा गावच त्या खळ्यातून ये-जा करायचा. खाडीवर जायला ती जवळची वाट. काकी जवळा आमच्याकडेच सुकवायची, कारण ऊन आमच्याकडे. बायका टोपल्या घेऊन जाता जाता आईशी दोन शब्द बोलायच्या. मधल्या काळात दिघीला जायच्या फेरीबोटीसाठी शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत लागायला लागली. एखादा थकलेला माणूस गाडी आमच्या खळ्यात लावून सावलीत डुलकी काढायचा. आई त्याला पाणी नेऊन द्यायची. मग रस्त्याला नो पार्किंगचा बोर्ड लागला, जेट्टीवर पोलीस आले, आणि एका रविवारी त्यांच्यातल्या एकाने रस्त्यात उभं राहून मोबाईल उचलला.

शनिवारी मी घरी गेले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. सातबाराचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत होता. आम्ही जेट्टीवरच्या चौकीत गेलो. चौकी म्हणजे पत्र्याची खोली, आत एक पंखा. टेबलाशी तरुण हवालदार बसला होता, अंगाने सडपातळ, बोलायला गोड. तोच फोटो काढणारा. मी त्याला सांगणारच होते की फोटो छान आलाय, पण बाबांचं तोंड बघून गप्प बसले.

"साहेब, जागा माझी हाय," बाबा म्हणाले आणि उतारा पुढे सरकवला.

त्याने तो नीट वाचला. "जागा तुमचीच आहे, काका. पण मालकी कुणाची हा प्रश्नच नाही. तिथं लोक येतात-जातात का, हा प्रश्न आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे बघा. तुमच्या जागेला गेट असेल, साखळी असेल, तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नसेल, तर मी कोण चलान करणार? तिथं माझं काही चालत नाही. पण जिथं कुणीही, कधीही, न विचारता येऊ शकतं, ती जागा कायद्याने रस्त्यासारखीच धरतात. मग ती कुणाची का असेना. मी चार रविवार बघतोय, तुमच्या अंगणातून अख्खा गाव जातो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. एक फेरीबोट दिघीहून येत होती, जागची हलत नसल्यासारखी, आणि तरी दर वेळी बघावं तर थोडी मोठी झालेली.

"एक अर्ज द्या," हवालदार म्हणाला. त्याला बाबांचं वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "जागा खाजगी आहे, परवानगीशिवाय कुणी येत नाही, एवढं लिहा. साखळी लावून एक फोटो जोडा. कुणीतरी येऊन चौकशी करेल. होईल रद्द."

तो अर्ज मी लिहिला. ओटीवर बसून, बाबांच्या पाटावर कागद ठेवून. माझं अक्षर चांगलं आहे आणि शाळेत असले अर्ज मीच लिहिते, त्यामुळे मला ते जरा जास्तच सफाईने जमलं. 'सदर जागा माझ्या मालकीची व वहिवाटीची असून माझ्या परवानगीशिवाय तेथे कोणीही ये-जा करीत नाही.' वाक्य लिहून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मला स्वतःलाच ते आवडलं होतं.

आई जवळ्यावरचे कावळे हाकत होती. ती तिथूनच म्हणाली, "कोनी ये-जा करीत न्हाय? मंग ही काकी काय वाऱ्यानं आली?"

काकी हसली. बाबाही हसले. "फोटोपुरतं गं," ते म्हणाले. "फोटो झाला की काढून टाकू." आणि त्यांनी झोकदार सही केली.

बाबांनी सुरूचे दोन खांब रोवले आणि गॅरेजमधून आणलेली जुनी साखळी मध्ये लावली. मागे खाडीकडे दोर बांधला. पाटीवर मी तेलाच्या रंगाने 'खाजगी' असं लिहिलं. मी फोटो काढला. त्या फोटोत आमचं घर मला ओळखूच आलं नाही. खळं रिकामं, व्हॅन एकटी, साखळीची सावली जमिनीवर.

चौकशी होईपर्यंत साखळी ठेवायची होती. बाबांनी सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं, रागावू नका, चार दिवसांचं नाटक आहे. कुणी रागावलं नाही. उलट बायकांना मजाच वाटली. साखळीपाशी येऊन त्या लाडात विचारायच्या, "मालक, येऊ का?" आणि बाबा ओटीवरून ऐटीत म्हणायचे, "या!" काकीने जवळा उचलून कुठेतरी दुसरीकडे नेला. पोलिसाला दिसायला नको, म्हणाली. मी रविवारी पनवेलला परत गेले. फोनवर आई म्हणाली, दुपारचं फार शांत वाटतं गं, झोप येते पण लागत नाही.

तीन आठवड्यांनी मेसेज आला. चलान रद्द. मी बाबांना सांगितलं तेव्हा फोनवर त्यांचा श्वास ऐकू आला. मग ते आईला ओरडून म्हणाले, "अगं, पुसला! डाग पुसला!" मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी बाबांनी साखळी काढली, खांब उपटले, खड्डे बुजवले, आणि आईने त्यावर सारवलं.

मेच्या सुट्टीत मी माहेरी राहायला गेले. पहिल्याच सकाळी ओटीवर चहा पीत होते. ऊन अजून कोवळं होतं, नारळांच्या सावल्या खळ्यावर लांबच लांब पडल्या होत्या, आणि मला नेहमीसारखं वाटत होतं की आता इथे काही होणार नाही, हे असंच राहणार. एक बाई टोपली घेऊन आली. जिथे साखळी होती तिथे, मोकळ्या जागेत, थांबली. "येऊ का?" म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. आई म्हणाली, "ये की." मग ती आली. तिच्यानंतरची थांबलीच नाही, सरळ रस्त्याने वळसा घालून गेली. जवळा परत आला नव्हता. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सवय लागली असंल." आणि भांडी घेऊन मागे गेली.

मोठ्या भरतीचा दिवस आला. बाबा पहाटेपासून लगबगीत होते. ओंडके काढून ओळीत मांडले. विणलेले झाप माळ्यावरून उतरवले, झटकले. व्हॅन पार कोपऱ्यात नेऊन लावली, होडीला जागा हवी म्हणून. मग पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. भरती चढत होती. खाडी गरम आणि सपाट होती, पलीकडचा दिघीचा किनारा धुरकट हवेत वर उचलल्यासारखा दिसत होता. मी पायरीवर बसून पेंगत होते. पाणी दगडांना लागलं, दगड बुडाले. हाक आली नाही.

आली ती आरोळी, आणि ती आमच्याकडून नाही, पलीकडच्या आळीच्या टोकाला एक पडीक वाडी आहे तिथून. माणसं दोर ओढत होती. बाबांनी ऐकलं. मग ते चालू लागले. मी मागोमाग.

होडी अर्धी पाण्याबाहेर आली होती. नाखवाकाका पुढे दोराला होते. बाबांना बघून त्यांनी दोर दुसऱ्याच्या हातात दिला.

"इकडं का आनलीस?" बाबा म्हणाले.

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "आरं, तुझा पोलीस आला हुता ना चौकशीला. मी होडी खरवडत हुतो. म्हनाला, नाखवा, खरं सांगा, तुमची होडी त्यांच्या अंगनात असते का? मी म्हटलं न्हाय. तुमी तिथनं न इचारता जाता का? म्हटलं न्हाय, सायेब. तो म्हनाला, नक्की? तर मी नाळेवर हात ठेवला आनि सांगितलं, न्हाय."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तिथे नारळ फुटतो, तिथे कुंकू लागतं. काकांच्या घरात नाळेवर हात ठेवून बोललेला शब्द फिरवत नाहीत. तो फिरवला आणि त्याच होडीत बसून पाण्यात गेलं, तर काय होईल ते त्यांच्याकडच्या लहान मुलालाही कुणी सांगावं लागत नाही.

"मला सांगायचं तरी," बाबा म्हणाले.

"काय सांगायचं? तुझा डाग पुसला ना? मंग झालं." काका हसले. त्यात एवढीसुद्धा अढी नव्हती. "आता ही तिकडं कशी आनू, तूच सांग."

बाबांनी दोराचं शेपूट उचललं आणि सगळ्यांच्या मागे उभं राहून ओढू लागले. होडी वाडीत बसली. मग ते घरी आले, आमच्या माळ्यावरचे सगळे झाप व्हॅनमध्ये भरले आणि तिकडे नेले. दुपारभर दोघांनी मिळून होडी शाकारली. बाबा वर चढून बांधत होते, काका खालून झाप देत होते. मी झाडाखाली बसले होते. मला झोप येत होती, पण डोळा लागत नव्हता. पोलिसांचं काही चुकलं नव्हतं, काकांचं तर नाहीच. ते एक वाक्य चुकलं होतं. ते खोटं होतं म्हणून काकांना खोटं बोलावं लागलं, आणि आता ते खरं झालं होतं. माझं अक्षर, माझं वाक्य. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, याचा मला राग येत होता.

काकीने चहा आणला. तो पिऊन झाल्यावर बाबा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "उद्या येऊ का? बसायला?"

काकांचा चेहरा एकदम बदलला. "इचारतोस?" ते म्हणाले. "मला इचारतोस तू?" दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता.

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला आणि ते रडले. मी त्यांना आजी गेली त्या दिवशीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. काका त्यांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसले, काही वेळाने म्हणाले, "ये. रोज ये. पन इचारू नको."

बाबा हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते निघाले. मी सोबत होते. वाडीला दार नाही, कुंपण नाही, दोन माडांच्या मधून वाट आहे. आत होडीच्या सावलीत काका आमच्याकडे पाठ करून जाळं विणत बसले होते. बाबा त्या दोन माडांपाशी थांबले. मी म्हटलं, चला ना. ते तसेच उभे राहिले, आणि परक्या घरात शिरताना खाकरतात तसे खाकरले.